पल्सर १५० (२०१५), रीडिंग ४८,०००: मिनरल सोडून फुल सिंथेटिक ऑइल टाकावं का?

खटखट_गिअर

मदत हवी आहे. गाडी कार्ब्युरेटरवाली पल्सर १५०. सुरुवातीपासून २०डब्ल्यू-५० मिनरल, दर २५०० किमीला बदल. रोज कोथरूड ते हडपसर जाऊन-येऊन, बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. ऑइल बदलल्यावर १५०० किमीपर्यंत गिअर मऊ पडतात, मग खटखट सुरू होते आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. गॅरेजवाले १०डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक टाका म्हणतात. जुन्या इंजिनला सिंथेटिकने गळती लागते का? क्लच घसरतो का? मिनरल ४२० रुपये लिटर, सिंथेटिक ८५०. पैसे वसूल होतात का?

सतरा_नंबर_पाना

१०डब्ल्यू-३० टाकू नका. तुमच्या इंजिनाला कंपनीने २०डब्ल्यू-५० सांगितलंय आणि सिंथेटिक झालं म्हणून ३० चं ५० होत नाही. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलच्या दाटीचा: १०० अंश सेल्सिअसला ५० ग्रेडची दाटी १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक (दाटी मोजायचं एकक) असते, ३० ची ९.३ ते १२.५. एअर-कूल्ड इंजिन ट्रॅफिकमध्ये रखडतं तेव्हा अंगावर वारा नसतो, आणि नेमकी तेव्हाच ही दाटी लागते. सिंथेटिक घ्यायचंच तर १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० मध्येच घ्या. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टचा. २०डब्ल्यूची ती चाचणी उणे १५ अंशाला होते, त्यामुळे पुण्याच्या हिवाळ्यात त्याची काळजी नको.

१५०० नंतरची खटखट का, तर बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. ऑइल तापल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळ्यांचे पॉलिमर घातलेले असतात. गिअरचे दात त्या साखळ्या चिरडून तोडतात आणि ५० चं ऑइल हळूहळू ४० सारखं वागू लागतं. चांगल्या सिंथेटिकचं मूळ तेलच तापमानाला कमी बदलतं, म्हणून पॉलिमर कमी लागतात आणि दाटी जास्त टिकते. तुमच्या वापरात सिंथेटिकचा खरा फायदा हा आहे. पिकअप वाढेल, अॅव्हरेज वाढेल ही आशा ठेवू नका.

क्लचप्लेट

पैसे घालण्याआधी क्लच केबल बघा. लिव्हरचा फ्री प्ले (क्लच सुटायला लागण्याआधीची ढिली हालचाल) जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, आणि न्यूट्रल न सापडण्याचं ते तितकंच मोठं कारण आहे. मॅन्युअलमधल्या मापाला आणा, केबलला ऑइल सोडा, मग ठरवा.

घसरण्याचं म्हणाल तर सिंथेटिकने क्लच घसरत नाही. घसरतो तो कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी. म्हणून डब्यावर जासो टी९०३ (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) ची चौकट शोधा: वर नोंदणी क्रमांक, खाली एमए२. हे मानक १९९८ चं, एमए१ आणि एमए२ असे भाग २००६ मध्ये पडले. एमए२ ची क्लचवरची पकड जास्त. एमबी हे क्लच ऑइलमध्ये नसलेल्या गिअरलेस स्कूटरसाठी असतं, पल्सरला नको. ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० घरात पडलंय म्हणून तेही नको.

ऑइल बदलल्यावर तपासायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ४० च्या वेगाने जाताना एकदम रेस द्या. आरपीएम चढले आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. फ्री प्ले बरोबर असूनही असं झालं, तर प्लेटा आधीच झिजलेल्या आहेत.

सीलवाला

गळतीबद्दल. आजच्या सिंथेटिकमध्ये रबर सील आक्रसू न देणारे घटक असतात. पण कडक झालेल्या सीलला काजळीने लिंपून ठेवलं असेल तर चांगलं ऑइल ती काजळी धुतं आणि जुनी गळती उघडी पडते. ५० वरून ३० वर गेलात तर ती आणखी दिसेल, आणि दोष सिंथेटिकला जाईल.

आधी पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील, गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील आणि टॅपेट कव्हरची कड कापडाने कोरडी करा, १०० किमी चालवून परत बघा. ओल दिसली तर सील बदला, मग महागडं ऑइल. सकाळी स्टार्टला क्षणभर निळा धूर येत असेल तर व्हॉल्व्ह सील. रेस दिल्यावर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. रिंगा गेल्या असतील तर सिंथेटिक मुळीच घालू नका, ते नुसतं जळेल.

खटखट_गिअर

तिन्ही ठिकाणं कोरडी आहेत, धूर नाही. केबलला फ्री प्ले जास्तच होता, तो आता ठीक केला. बदलताना आतून डिझेलने धुऊन देतो असं गॅरेजवाले म्हणतात. धुवावं का?

सतरा_नंबर_पाना

नाही. डिझेल किंवा रॉकेल कितीही निथळलं तरी खाचाखोचांत राहतं आणि नवं ऑइल पहिल्याच दिवशी पातळ करतं. शिवाय तेवढा वेळ बेअरिंगवर तेलाचा थर नसतो. मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळतात, उरलेल्या थोड्या मिनरलने काही बिघडत नाही.

गाडी ३-४ मिनिटं चालू ठेवा, सपाट जागी डबल स्टँडवर लावा, ड्रेन बोल्ट काढून १५ मिनिटं निथळू द्या. फिल्टर आणि त्याची ओ-रिंग याच वेळी बदला. ड्रेन बोल्टचा वायसर नवा लावा आणि बोल्ट आधी हातानेच बसवा. केसिंग अॅल्युमिनियमचं आहे, लांब पान्याने जोर लावला की आटे जातात आणि मग खर्च ऑइलच्या कित्येक पट. आधी ९०० मिली ओता, दोन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून तीन मिनिटं थांबा. मग गाडी सरळ उभी असताना उजव्या बाजूच्या काचेत पातळी बघत दोन खुणांच्या मध्ये येईपर्यंत थोडं थोडं घाला. जास्त झालं तर फेस होतो आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) एअर फिल्टर भिजतो.

क्लचप्लेट

आता पैशांचं. ४२० चं मिनरल २५०० चाललं तर किलोमीटरला १७ पैसे, ८५० चं सिंथेटिक ५००० चाललं तरी १७ पैसेच. पण तुमचं मिनरल १५०० लाच मऊपणा सोडतंय, म्हणजे खरे २८ पैसे. सिंथेटिक ३५०० ला बदललं तर २४. तरी आधी केबलचा परिणाम बघा. आत्ताचं मिनरल २५०० पर्यंत नीट गेलं तर मिनरलच ठेवा. नाही गेलं तर २०डब्ल्यू-५० सिंथेटिक एमए२. दर ५०० किमीला काच बघायची, पहिला बदल ३५०० ला. तेव्हाही गिअर मऊ असतील तर पुढच्या खेपेला ४५०० करा. काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका, त्याच डब्यात भरून जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.