प्रतिसाद: कायदा, अध्यापन आणि गाणं

कायद्याच्या प्राध्यापकाने गाण्यात जीव रमवला तर दोन्हीकडचं काम अर्धवट राहतं, असा सूर या चर्चेत आधी उमटला आहे. मला तो अजिबात पटत नाही. हिंदुस्थानी संगीताचे शास्त्रकार पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचंच पाहा. १८८७ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली, काही वर्षं वकिली केली. पत्नी आणि मुलगी थोड्या काळाच्या अंतराने वारल्यावर वकिली सोडून ते पूर्णपणे संगीताकडे वळले. पण वकिलाची नजर सुटली नाही, आणि तेच आपलं भाग्य!

जुने संस्कृत ग्रंथ त्यांनी साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे तपासले. ग्रंथात लिहिलेलं आणि गवई प्रत्यक्षात गातात ते जुळेना, तेव्हा त्यांनी चालू गायकीला प्रमाण मानलं. परंपरेचा एवढा आदर असणाऱ्या माणसाला हे सोपं गेलं नसणार.

त्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या ग्रंथाचे चारही खंड मराठीत, गुरु-शिष्य संवादाच्या रूपात आहेत. शिष्य शंका काढतो, अडवतो, पुन्हा विचारतो. वर्गात असं अडवणारे विद्यार्थी मिळणं हे शिक्षकाचं सुख आहे, मग विषय करार कायदा असो की यमन राग.

रागांची त्यांनी दहा थाटांत, म्हणजे सात-सात स्वरांच्या साच्यांत, विभागणी केली; तिच्यावरचे आक्षेप मला मान्य आहेत. थाटात मध्यम (म) एकच असतो, शुद्ध किंवा तीव्र. त्यामुळे लागोपाठ दोन्ही मध्यम घेणारा ललित राग कुठल्याच थाटात नीट बसत नाही. पण आक्षेप घेण्याइतकी स्पष्ट मांडणी आधी कुणीतरी करावी लागते, आणि ती त्यांनी केली.