मदत हवी आहे: भरपूर कसोटी खेळलेला सर्वात कच्चा खेळाडू कोण? (आज रात्रीच्या आत)

थर्डमॅन_उघडा:
मंडळी, घाई आहे. आमच्या ग्रुपवर आज रात्री वाद ठेवलाय. प्रत्येकाने एक नाव मांडायचं, बाकीच्यांनी ते खोडायचं. भरपूर कसोटी खेळला पण त्या लायकीचा नव्हता, असा माणूस हवाय. आकड्यांसकट द्या. शोधाशोध करून झालीय, त्यामुळे "गूगल करा" कृपया नको.

लेगबाय:
भरपूर म्हणजे किती? २५ की ५०? फलंदाज, गोलंदाज, कीपर, काहीही चालेल?

रेडिओ_समालोचन:
यात विचारायचं काय? इंग्लंडचा माइक ब्रिअर्ली. ३९ कसोटी, सरासरी २२.८८, शतक एकही नाही. धागा बंद करा.

फॉलोऑन:
ब्रिअर्लीला फलंदाज म्हणून कोण घेत होतं हो? ३१ कसोटींत कप्तान, त्यातल्या १८ जिंकल्या, हरला फक्त ४. १९८१ ला इंग्लंड ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेत मागे असताना त्यालाच परत बोलावलं आणि अ‍ॅशेस राखली.

रेडिओ_समालोचन:
म्हणजे दहा जण खेळणार आणि अकरावा डोकं चालवणार. मी तेच म्हणतोय.

डावखुरी_फिरकी:
न्यूझीलंडचा ख्रिस मार्टिन! ७१ कसोटींत १२३ धावा, सरासरी २.३६. धावांपेक्षा विकेट जास्त, २३३. याच्यावर कोणी जाऊच शकत नाही.

लेगबाय:
२३३ विकेट काढणारा गोलंदाज लायकीचा नव्हता? विचारलंय काय, सांगताय काय!

थर्डमॅन_उघडा:
अहो, फलंदाजच हवा. आणि ५० च्या वर कसोटी, नाहीतर भरपूर कशाला म्हणेन? उघड आहे ना.

फॉलोऑन:
तुम्हाला उघड आहे. मग बांगलादेशचा मोहम्मद अश्रफुल घ्या. ६१ कसोटी, सरासरी २४.

बाद_नाही:
अश्रफुलला हात लावू नका. २००१ मध्ये कोलंबोत पदार्पणातच शतक, वय १७, समोर श्रीलंकेचे मुरली आणि वास. २००४ ला चितगावला आपल्याविरुद्ध नाबाद १५८. बेभरवशाचा म्हणा, पण कच्चा माणूस असं खेळत नाही. आणि तेव्हा त्यांच्याकडे त्याच्याऐवजी होतं तरी कोण?

थर्डमॅन_उघडा:
बांगलादेश आणि झिम्बाब्वे बाद आहेत. नियम आहे आमचा.

लेगबाय:
हे आत्ता सांगताय? अ‍ॅलिस्टर कॅम्पबेलवर (६० कसोटी, २७.२१) अख्खा परिच्छेद लिहिला होता, पुसला. अजून काही नियम खिशात असतील तर एकदाच काढा.

थर्डमॅन_उघडा:
इंग्लंडचा मार्क रामप्रकाश एकाने आधीच घेतलाय. बास, एवढंच.

पॅव्हेलियन_एण्ड:
शास्त्रीचं नाव कोणीच कसं घेत नाही? ८० कसोटी!

फॉलोऑन:
३५.७९ ची सरासरी, ११ शतकं, वर १५१ विकेट. दहाव्या क्रमांकावरून येऊन सलामीला गेला आणि १९९२ मध्ये सिडनीला २०६ केल्या. समालोचनावर राग असेल तर वेगळा धागा काढा.

पॅव्हेलियन_एण्ड:
विकेटची सरासरी ४०.९६ आहे, ते सोयीस्कर विसरलात.

नाईटवॉचमन:
मूळ प्रश्नाकडे येतो. रामप्रकाश दुसऱ्याने घेतला ते बरंच झालं, त्याला खोडणं सोपं आहे. ५२ कसोटी, २७.३२, दोनच शतकं, सगळं मान्य. पण त्यातलं एक शतक २००१ ला ओव्हलवर वॉर्न-मॅग्रासमोर, १३३. ऑस्ट्रेलियाविरुद्ध सरासरी चाळिशीपार. प्रथम श्रेणीत (कसोटीसकट सगळे मोठे सामने धरून) ११४ शतकं. हा माणूस कच्चा नव्हता, त्याचं कसोटीत बसलं नाही, एवढंच.
तुम्ही न्यूझीलंडचा केन रदरफोर्ड घ्या. ५६ कसोटी, २७.०८, तीन शतकं. पदार्पण १९८५, वेस्ट इंडीजमध्ये. पहिल्या कसोटीत दोन्ही डावांत शून्य, दुसऱ्या डावात तर धावबाद. मालिका संपली तेव्हा सात डावांत १२ धावा. समोर मार्शल-गार्नरसारखे वेगवान गोलंदाज होते, कबूल. पण पुढची दहा वर्षं काही रोज मार्शल-गार्नर नव्हते. आणि तरी शेवटी कप्तान!

बाद_नाही:
त्याच रदरफोर्डने १९८६ मध्ये स्कारबरोला एका दिवसात ३१७ ठोकल्या होत्या. खोडणारे पहिलं हेच काढतील.

नाईटवॉचमन:
काढू देत. ती कसोटी नव्हती. हातात एवढं होतं तर कसोटीत कुठे गेलं?

लेगबाय:
थांबा, थांबा. रामप्रकाशची ११४ शतकं त्याला वाचवतात आणि रदरफोर्डच्या ३१७ त्याला बुडवतात? हा कुठला न्याय?

नाईटवॉचमन:
एक डाव आणि आयुष्यभराची ११४ शतकं यांत फरक आहे. शिवाय न्यूझीलंडकडे पर्याय कमी, म्हणून तो टिकला. इंग्लंडमध्ये कौंटीच्या कौंट्या भरून फलंदाज रांगेत होते.

लेगबाय:
"पर्याय कुठे होता" हीच सबब मघाशी अश्रफुलला वाचवायला आली होती. आता तीच उलटी लावताय.

बाद_नाही:
+१. इंग्लंडच्या ग्रॅम हिकचं काय मग? १३६ प्रथम श्रेणी शतकं, ६५ कसोटींत ३१.३२. त्यालाही बसलं नाही म्हणून सोडायचं का?

डावखुरी_फिरकी:
कसोटीत एकही शतक न करता सर्वात जास्त धावा शेन वॉर्नच्या, ३१५४. सर्वोच्च ९९.

फॉलोऑन:
कोणी विचारलंय?

थर्डमॅन_उघडा:
रदरफोर्ड मांडला. दुसऱ्याच मिनिटाला एकाने ३१७ काढल्या. काय उत्तर देऊ? लवकर सांगा, सगळे थांबलेत.

नाईटवॉचमन:
डी. बी. क्लोजच्या निवडक संघाविरुद्धचा सामना होता तो, स्कारबरोच्या फेस्टिव्हलमधला. समोर गोलंदाज कोण होते, ते त्यालाच विचारा. नावं शोधेपर्यंत तुम्ही ते सात डाव एकेक करून वाचून दाखवा: ०, ०, ४, ०, २, १, ५.

पॅव्हेलियन_एण्ड:
शास्त्री घेतला असता तर ही वेळ आली नसती.