सर्व्हिस डॉगचं पाच महिन्यांचं पिल्लू आणि आरव्हीची सहल: कसं जमवायचं?

अबोली

नमस्कार. आम्ही सॅक्रामेंटोला राहतो. घरी मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि जूनो. जूनो पिवळी लॅब्रेडॉर, जूनच्या मध्यावर पाच महिन्यांची होईल. ती आमची नाही, एका संस्थेची आहे. आम्ही तिला फक्त वाढवतोय. साधारण दीड वर्षाची झाली की ती पुढच्या प्रशिक्षणाला परत जाईल आणि सगळं नीट पार पडलं तर व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणाच्या तरी घरी राहायला जाईल. पडलेली वस्तू उचलून देणं, दार ओढून उघडणं, दिवा लावणं ही तिची कामं असतील. त्या माणसाचा विचार माझ्या मनात रोज येतो, म्हणूनच विचारतेय.

आमची २५ फुटी क्लास सी आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) आहे. जूनच्या मध्यावर निघून तीन आठवड्यांत झायन, ब्राइस, यलोस्टोन, ग्लेशियर ही नॅशनल पार्कं आणि तिथून सीमेपलीकडे कॅनडातलं बॅन्फ असा बेत आहे. संस्थेने प्रवासाला लेखी परवानगी दिली आहे. सगळ्या लसी झाल्या आहेत, रेबीजचीसुद्धा.

प्रश्न असे:

जूनोकडे 'प्रशिक्षणात' असं लिहिलेलं जॅकेट आहे. आमच्याकडे दुकानांत, वाचनालयात तिला कुणी अडवत नाही. पार्कातल्या ट्रेल्सवर ते जॅकेट चालेल का?

तिला एसी लावून दोन-तीन तास आरव्हीत ठेवून आम्ही तिघं फिरायला गेलो तर चालेल का? क्रेटमध्ये (तिच्या पिंजऱ्यात) ती शांत झोपते.

गेल्या महिन्यात सरावासाठी जवळच्याच एका कॅम्पग्राउंडवर दोन रात्री राहिलो. तिथे ती डायनेटवर (जेवायच्या टेबलाजवळच्या बाकावर) चढून खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यावर हळूच 'वूफ' करायला लागली. घरी असं कधीच करत नाही. काळजी करावी का?

आणि बॅन्फबद्दल कुणाला काही अनुभव?

---

गोदामावशी

अबोली, आधी बॅन्फचं सांगते, कारण त्यावर सगळा रस्ता ठरेल. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत येणारा प्रत्येक कुत्रा किमान सहा महिन्यांचा असावा लागतो, त्याला मायक्रोचिप असावी लागते आणि सीडीसी या केंद्राच्या आरोग्यसंस्थेचा डॉग इम्पोर्ट फॉर्म भरलेला लागतो. इथूनच गेलेला, इथेच जन्मलेला कुत्राही त्यातून सुटत नाही आणि कॅनडाहून गाडीने परत येणाऱ्यांनाही हाच नियम आहे. जुलैच्या सुरुवातीला जूनो सहा महिन्यांची झालेली नसेल. जाताना कदाचित काही अडणार नाही, पण येताना सीमेवर अडकाल. यंदा बॅन्फ सोड. ग्लेशियरमधूनच मागे फिर.

आता पार्क. राज्यांचे कायदे वेगळे आणि पार्कांचे वेगळे, हे डोक्यात पक्कं ठेव. एडीए हा अपंगांच्या हक्कांचा केंद्राचा कायदा फक्त प्रशिक्षण पूर्ण झालेल्या कुत्र्याला हक्क देतो. प्रशिक्षणातल्या पिल्लाला जो काही प्रवेश मिळतो तो राज्याच्या कायद्याने. कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा ही राज्यं तो देतात, मात्र प्रत्येकाच्या अटी निराळ्या. माँटानात पिल्लाच्या अंगावर 'प्रशिक्षणात' असं लेखी दिसलंच पाहिजे. पण नॅशनल पार्क केंद्राचा. तिथे प्रशिक्षणातलं पिल्लू म्हणजे पाळीव कुत्राच, जॅकेट असो वा नसो. लीश (गळपट्ट्याची दोरी) सहा फुटांपेक्षा लांब नको आणि जिथे पाळीव कुत्र्यांना मनाई तिथे जूनोलाही मनाई.

यलोस्टोनमध्ये याचा अर्थ असा की रस्ते, पार्किंग आणि कॅम्पग्राउंडपासून १०० फुटांच्या आतच ती असू शकते. ट्रेल नाही, लाकडी बोर्डवॉक नाही, गरम झऱ्यांच्या जवळपास तर नाहीच. या नियमावर कुणी नाक मुरडलं की मी १९८१ सालची गोष्ट सांगते. सेलेस्टीन पूल नावाच्या झऱ्यात एका तरुणाच्या मित्राचा कुत्रा पडला. पाणी २०० अंश फॅरनहाइटच्या वर. त्याला काढायला तो तरुण आत उतरला. कुत्रा तिथेच गेला, तरुण दुसऱ्या दिवशी. पाच महिन्यांच्या लॅबला पाणी दिसलं की काय होतं हे तू रोज बघतेसच.

झायनमध्ये कुत्र्यांना फक्त पारुस ट्रेल मोकळा आहे आणि शटल बसमध्ये पाळीव कुत्रे चालत नाहीत. पारुस नदीकाठाने जातो, म्हणून मुद्दाम लिहिते: व्हर्जिन नदीच्या पाण्यात विषारी सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे जिवाणू) सापडतात. २०२० च्या जुलैमध्ये त्या नदीत खेळलेलं एक पिल्लू दगावलं. जूनोला पाण्यात उतरू देऊ नकोस, चाटूही देऊ नकोस. तिचं पाणी सोबत घ्या. जूनअखेर तिथे दुपारी शंभर अंश फॅरनहाइटच्या वर पारा जातो, तेव्हा पहाटेच जा आणि डांबरावर हाताचा पंजा उलटा टेकवून बघ. तुला सहन होत नसेल तर तिलाही होणार नाही.

ब्राइसमध्ये सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट हा डांबरी पट्टा तिला चालतो आणि तिच्यासाठी तो सोन्यासारखा आहे. व्हीलचेअर, बाबागाड्या, कॅमेऱ्यांची तिकाटणी, निरनिराळ्या भाषा, सगळं एका जागी. अर्धा तास कठड्यापासून लांब बाकाजवळ तिला नुसतं बसवून ठेव. काही शिकवू नकोस, फक्त बघू दे. शांत राहिली की खाऊ. मी बरीच पिल्लं वाढवली आणि माझं ठाम मत असं की या वयात दहा ठिकाणी ओझरतं नेण्यापेक्षा एका ठिकाणी निवांत बसवलेलं पिल्लाच्या जास्त अंगी लागतं.

खिडकीतल्या 'वूफ'ची काळजी कर. हो, आत्ताच. घरात रस्ता लांब असतो, आरव्हीत माणसं खिडकीपासून चार हातांवरून जातात आणि डायनेट म्हणजे पहाऱ्याची चौकी होते. ती भुंकते, माणूस पुढे निघून जातो (तो जाणारच होता), तिला वाटतं आपण हाकललं. दिवसातून पन्नासदा हाच धडा. अनोळखी माणसांवर भुंकण्याची सवय पक्की झाली तर पिल्लू कार्यक्रमातून बाहेर पडू शकतं. तेव्हा पडदे खालपर्यंत ओढून ठेव, डायनेटवर चढणं पूर्ण बंद. बाहेर मात्र खुर्ची टाकून तिला पायाशी घेऊन बस आणि माणूस दिसला की ती भुंकायच्या आधी खाऊ दे. भुंकल्यावर रागावून उपयोग नाही, तोवर उशीर झालेला असतो.

आरव्हीच्या पायऱ्या जाळीच्या असतील तर त्यावर खडबडीत पायपोस घट्ट बांध. नखं जाळीत अडकतात आणि एकदा दुखलं की पिल्लू पुढे प्रत्येक जाळीच्या जिन्याला, गटाराच्या झाकणाला बिचकतं. उड्या मारून उतरू देऊ नकोस, मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं वर्ष-दीड वर्ष वाढत असतात. उचलून घे नाहीतर रॅम्प आण.

स्लाइड-आउट (आरव्हीचा बाहेर सरकणारा भाग) आत-बाहेर करताना ती क्रेटमध्येच हवी. हा नियम लेकीच्या हाती दे. 'जूनो क्रेटमध्ये!' असं तिने ओरडून सांगितल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. गाडी चालू असताना क्रेट जमिनीवर पट्ट्याने घट्ट बांधलेला, मांडीवर वगैरे अजिबात नाही. निघायच्या दोन-तीन तास आधी खायला दे, नाहीतर वळणावर उलटी.

तिला मागे ठेवण्याबद्दल मी नाहीच म्हणेन, पण एसीचं वाटसरू नीट सांगेल.

---

वाटसरू

मावशींनी नाव घेतलंय तर लिहितो. माझं काम विजेचं आहे आणि आरव्हीत मी वर्षातला बराच काळ असतो.

२५ फुटी क्लास सी म्हणजे बहुतेक ३० अँपची लाइन, १२० व्होल्टला ३,६०० वॉट. छतावरचा एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम चालले, त्यात वॉटर हीटरचं इलेक्ट्रिक बटण चालू राहिलं, की ब्रेकर पडलाच. पण ब्रेकर तुमच्या हातात आहे. खरी अडचण कॅम्पग्राउंडच्या विजेच्या पोलवरच्या व्होल्टेजची. भर उन्हात सगळ्या कॅम्पग्राउंडचे एसी एकदम चालतात आणि व्होल्टेज घसरतं. चांगला सर्ज प्रोटेक्टर १०४ व्होल्टच्या आसपास वीज तोडतो, कारण त्याखाली एसीचा कॉम्प्रेसर जळू शकतो. म्हणजे यंत्राने आपलं काम चोख केलं आणि आत पिल्लू बंद डब्यात राहिलं. बंद गाडीतलं तापमान तासाभरात सुमारे ४० अंश फॅरनहाइट वाढतं, त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात. बाहेर ७२ असलं तरी आत ११० च्या वर जाऊ शकतं. ही मोजणी मोटारींमधली आहे. आरव्हीला थोडं जास्त इन्सुलेशन असतं, पण त्यावर मी जीव सोपवणार नाही.

'आम्ही तापमान कळवणारं यंत्र लावू' असं बरेच जण म्हणतात. जरूर लावा. ते मोबाइल नेटवर्कवर चालतं आणि यलोस्टोनच्या बहुतांश भागात नेटवर्क नाही. इशारा निघाला तरी तुमच्या फोनवर येणार कुठून? शिवाय त्या पार्कात पूर्ण हुकअप (वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी) फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कवर आहे. बाकीच्या कॅम्पग्राउंडवर वीजच नाही.

माझा सल्ला एकच: पार्कात जूनोसोबत कायम एक मोठा माणूस. सकाळी तुम्ही आणि लेक, दुपारी तुमचे यजमान आणि लेक. लेक दोन्ही वेळा जाईल आणि तुम्हा दोघांना आळीपाळीने निवांत पुस्तक वाचायला मिळेल.

जाता जाता: ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रोडवर ॲव्हलांच आणि रायझिंग सन यांच्यामध्ये २१ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही. तुमची २५ फुटी जाणार नाही. तिथे ट्रेलवरही कुत्रे चालत नाहीत, तेव्हा तिथलं वेळापत्रक आधीच ठरवा.

---

कवडसा

अबोलीताई, मला डोळ्यांनी फारच कमी दिसतं. माझ्याबरोबर गाइड डॉग असतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

एडीएप्रमाणे दुकानदार मला दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि तो कोणतं काम शिकलेला आहे. कार्ड, प्रमाणपत्र मागता येत नाही. इंटरनेटवर विकत मिळणाऱ्या 'नोंदणी'ला कायद्यात काहीच किंमत नाही. हे दोन प्रश्न विश्वासावर चालतात. प्रशिक्षणातल्या पिल्लाबद्दल विचारलं तर 'हो, सर्व्हिस डॉग आहे' असं कृपया म्हणू नका. 'हे प्रशिक्षणातलं पिल्लू आहे, येऊ का?' असं विचारा. नाही म्हणाले तर हसून बाहेर पडा. तुमच्या मागून त्याच दारात माझ्यासारखा कुणीतरी येतो आणि तुम्ही आत कसं वागलात त्यावर त्याचं स्वागत ठरतं. पिल्लू आत अस्वस्थ झालं तर खरेदी अर्धी टाकून निघा. हे तुम्ही करतच असाल, वाढवणारी माणसं करतातच.

आणखी एक गोष्ट सांगतो. माझा कुत्रा ज्या घरात वाढला ती माणसं खूप फिरायची. आज बस खड्ड्यात आदळली, ट्रकचा ब्रेक फुसकारला, हॉटेलात भलत्याच वासाची खोली मिळाली तरी तो माझ्या पायांशी लोळण घेऊन झोपतो. माझा हात त्याच्या पाठीवर असतो, त्याचा श्वास संथ लागतो आणि मला कळतं की इथे सगळं ठीक आहे. ज्यांनी त्याला असं घडवलं त्यांना मी एकदाच भेटलो, आणि नीट आभारही मानता आले नाहीत, गळा दाटून आला होता. तुम्ही ही सहल नक्की करा.

---

अबोली

तिघांचेही मनापासून आभार. कवडसा, तुमचं लिहिणं लेकीला वाचून दाखवलं. ती तेव्हापासून जूनोजवळ बसून आहे.

बॅन्फ रद्द. मायक्रोचिप आहे, पण वयाचा हा नियम माहीतच नव्हता, सगळं बुकिंग व्हायच्या आत कळलं. तिथले दिवस ब्राइसला जोडले. फिशिंग ब्रिजला दोनच रात्री मिळाल्या, पण मिळाल्या. पाळ्या ठरवल्या आहेत, पहिली जूनोजवळ थांबायची पाळी नवऱ्याने आपणहून घेतली.

मावशी, एकच विचारते. कॅम्पग्राउंडवर लीशशिवाय सोडलेले कुत्रे फार भेटतात. सरावाच्या वेळी एक थेट अंगावर धावून आला, जूनो माझ्या पायांमागे लपली. अशा वेळी तिला उचलून घेऊ का?

---

गोदामावशी

पाच महिन्यांची लॅब उचलायला जाशील तर तुझाच तोल जाईल आणि समोरचा कुत्रा उड्या मारेल. त्यापेक्षा तू पुढे हो, तिला मागे ठेव, हात पुढे करून ठाम आवाजात 'थांब'. मुठीत खाऊ असेल तर त्या कुत्र्याच्या तोंडासमोर जमिनीवर उधळ. तो हुंगत बसतो तेवढ्यात तुम्ही वळून चालू लागा. नंतर लगेच आरव्हीत कोंडू नकोस, लांबवर एखादा शांत कुत्रा दिसेल तिथे थोडा वेळ बसव आणि खाऊ दे, म्हणजे दिवसाचा शेवट भीतीवर होणार नाही. तिला सहा महिन्यांपुढे पुन्हा एक बिचकण्याचा काळ येईल, तेव्हा हे जास्त जपावं लागेल. कॅम्पग्राउंडला फोन करून कडेची जागा माग, कचराकुंडी आणि खेळाच्या मैदानापासून लांब. आणि माँटानाच्या आधी जॅकेटवरची अक्षरं धुवून पुसट झाली नाहीत ना ते बघ.