मुरमाड रानातील मोठी काळी मुंगी: हा मुंगळाच आहे का, आणि हिच्या बिळात राणी का सापडत नाही?

प्रश्न (मुरमाड रान, अंबाजोगाई परिसर)

नमस्कार. आमच्या शाळेच्या आवाराला लागून मुरमाड जमिनीचा एक पट्टा आहे. तेथील बाभळींखाली सुमारे 1 सेंटिमीटर लांबीच्या काळ्या मुंग्यांची बिळे आहेत. त्यांच्या अंगावर किंचित रुपेरी झाक असते आणि पृष्ठभाग बारीक रेघारेघांचा दिसतो. गुळाच्या खड्याला मुंगळ्यांची जशी रांग लागते तशी यांची कधी लागत नाही. प्रत्येक मुंगी एकटीच हिंडते आणि एखादा किडा किंवा वाळवी तोंडात धरून परतते. बिळाच्या तोंडाभोवती काड्या, पिसे आणि किड्यांची वाळलेली कवचे रचलेली असतात. आवाराची सपाटी करताना एक बीळ उकरले गेले, तेव्हा मुंग्या आणि तपकिरी, लांबट गोळ्या मिळाल्या, परंतु इतरांहून मोठी अशी राणी मुलांना व मला शोधूनही दिसली नाही. ही मुंगळ्याचीच एखादी जात आहे का? आणि राणीशिवाय ही वसाहत टिकते कशी?

उत्तर (कीटकनोंद, परभणी)

सर, आपण दिलेल्या वर्णनावरून ही मुंगी डायकामा या प्रजातीतील, म्हणजे जवळच्या अनेक जातींच्या गटातील आहे. मुंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, हा फॉर्मिसिनी उपकुलातील असून त्याला नांगी नसते. तो पोटाच्या टोकाकडील छिद्रातून फॉर्मिक आम्ल फवारतो. डायकामाचे उपकुल पोनेरिनी आहे आणि तिला चांगली दुखणारी नांगी आहे. कुल एकच, फॉर्मिसिडी, म्हणून दोघीही मुंग्याच, एवढेच त्यांचे नाते आहे.

भिंग हाताशी असेल तर छाती आणि पोट यांना जोडणारी एकच गाठ पाहावी. डायकामात त्या गाठीवर मागे वळलेले दोन काटे स्पष्ट दिसतात आणि गाठीनंतर पोटाच्या पहिल्या दोन खंडांमध्ये हलकीशी खाच असते. मुंगळ्यात यांपैकी काहीही नाही. शिवाय मुंगळ्याच्या एकाच वारुळात मोठ्या डोक्याचे आणि लहान अंगाचे असे निरनिराळ्या मापांचे कामकरी आढळतात, तर डायकामाच्या सर्व कामकरी जवळजवळ एकाच मापाच्या असतात.

आपल्याला मिळालेल्या तपकिरी गोळ्या म्हणजे अंडी नव्हेत. ते कोष आहेत. या उपकुलातील अळ्या पूर्ण वाढ झाल्यावर स्वतःभोवती रेशमी कोष विणतात. मुंग्यांची अंडी त्याहून कितीतरी लहान आणि पांढुरकी असतात.

उत्तर (बालाघाटचा डोंगर)

राणीच्या प्रश्नाकडे मी थोडे सविस्तर वळतो, कारण या मुंगीचे खरे वैशिष्ट्य तेथेच आहे. डायकामा प्रजातीत शरीराने वेगळी, पंख असलेली राणी मुळातच नाही. कोषातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मादीच्या छातीवर पंखांच्या जागी दोन इवलेसे, मुद्गलासारखे अवयव असतात, त्यांना जेमा म्हणतात. हे पुढच्या पंखांचेच अवशिष्ट रूप होय. वसाहतीत एक कामकरी प्रजननक्षम असते आणि तिचे जेमा शाबूत असतात. नव्याने जन्मलेल्या प्रत्येक मादीचे जेमा ती चावून तोडून टाकते. जेमा गमावलेली मुंगी पुढे भित्री बनते, तिला नराशी मीलन करता येत नाही आणि ती आयुष्यभर कामकरी राहते. ऑस्ट्रेलियातील डायकामा ऑस्ट्रेलीवर काम करून पीटर्स आणि हिगाशी यांनी ही रीत 1989 मध्ये प्रसिद्ध केली. मीलन झालेल्या या अंडी घालणाऱ्या कामकरीला गॅमरगेट असे नाव आहे.

गॅमरगेट मेली तर वसाहत लगेच संपत नाही. तिच्यानंतर जी मादी प्रथम कोषातून बाहेर येते, तिचे जेमा तोडायला कोणी उरलेले नसते, त्यामुळे ते टिकतात. ती परक्या वसाहतीतील नराशी मीलन करते आणि जागा भरून निघते. मधल्या काळात इतर कामकरीही अंडी घालतात, परंतु ती अफलित असल्याने त्यांतून केवळ नर निपजतात. म्हणून आपल्याला राणी न सापडणे हे अगदी स्वाभाविक आहे: अंडी घालणारी मुंगी बिळात होतीच, केवळ ती मापाने इतरांसारखी होती.

एक अपवाद मात्र अवश्य नोंदवावासा वाटतो. दक्षिण भारतातील एका डायकामात, जिला संशोधक निलगिरी या नावाने ओळखतात, कामकरींचे जेमा तोडले जात नाहीत आणि तेथे वर्चस्व केवळ आक्रमक वागणुकीने राखले जाते. एकाच प्रजातीत असे दोन मार्ग असणे मला फार मोलाचे वाटते, कारण त्यावरून जेमा तोडणे हा प्रजननावर ताबा ठेवण्याचा एकमेव उपाय नाही, हे कळते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. आता दोन शंका उरल्या आहेत: एरवी एकट्या हिंडणाऱ्या या मुंग्या कधीकधी एकीमागे एक अशा जोडीने चालतात त्याचे कारण काय, आणि बिळाच्या तोंडाशी पिसे कशासाठी?

उत्तर (कीटकनोंद, परभणी)

जोडीने चालणे हे घर बदलण्याचे लक्षण आहे. बिळात पाणी शिरले किंवा ते मोडले की जागा पाहून आलेली मुंगी एकेका सोबतिणीला मागे घेऊन जाते. मागची आपल्या मिशांनी पुढचीला सतत स्पर्श करत राहते आणि स्पर्श तुटला तर पुढची थांबते. कोलकात्याच्या आयसर संस्थेत सुमना अन्नगिरी यांच्या गटाने डायकामा इंडिकम या जातीच्या स्थलांतराचा बारकाईने अभ्यास केला आहे. या जातीच्या वसाहती लहान, शंभरच्या आसपास मुंग्यांच्या असतात, त्यामुळे एकेक करून नेणे त्यांना परवडते.

पिसांविषयी मार्क मॉफेट यांनी 1985 मध्ये भारतातील निरीक्षण प्रसिद्ध केले आहे. कोरड्या प्रदेशात पहाटे बिळाच्या तोंडाभोवतीच्या पिसांवर आणि मेलेल्या मुंग्यांवर दव साचते आणि कामकरी त्याचे थेंब टिपून आत नेतात. मराठवाड्यात मोसमी पाऊस संपल्यावर जमिनीवरचे पाणी किती लवकर आटते, हे आपण जाणताच; म्हणून आपल्या बाभळीखाली हिवाळ्यातील दवाच्या दिवसांत सूर्य उगवण्याआधी हे तपासून पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पिसांवर थेंब असताना मुंग्या तेथे येतात का आणि जबड्यात थेंब घेऊन परततात का, एवढे मुलांना वहीत लिहून ठेवता येईल.

मॉफेट यांच्या लेखात नाव डायकामा रुगोसम असे आहे. ही जात ल गियू यांनी 1842 मध्ये वर्णिली आणि डायकामा ही प्रजाती मायर यांनी 1862 मध्ये स्थापली. त्यानंतर भारतातील बरेच नमुने रुगोसमचे उपप्रकार म्हणून नोंदले गेले, त्यामुळे जुन्या लिखाणातील हे नाव आजच्या अर्थाने घेऊ नये. आपली मुंगी इंडिकम असण्याचा संभव आहे, परंतु छायाचित्रावरून जात ठरवू नये. दोन-तीन कामकरी 95 टक्के अल्कोहोलात ठेवून, बाटलीत गाव, दिनांक आणि जमिनीचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी टाकून विद्यापीठातील कीटकशास्त्र विभागात दाखवाव्यात. नमुना बिळाबाहेर हिंडणाऱ्या मुंग्यांचाच घ्यावा, बीळ उकरू नये, आणि मुलांना मुंग्या हाताने न धरता चिमट्याने उचलायला सांगावे.