ब्राउझरचं एकच इंजिन पुरे म्हणणाऱ्यांनो, क्रोम ८० आठवतोय का?

तिसरी_पाळी:
काल आळशी_अस्वल यांनी दुसऱ्या धाग्यावर ठोकून दिलं, "सफारी म्हणजे आजचा आयई-६. सगळ्यांनी मुकाट क्रोमियम घ्यावं, म्हणजे आपण एकदाच तपासून घरी जाऊ." (इंजिन म्हणजे ब्राउझरचा पान मांडणारा गाभा; क्रोमियम हा क्रोमचा, गूगलचा.) खाली वाहवाचा पाऊस. माझं उत्तर तिथे मावेना, म्हणून हा धागा.

आयई-६, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ६, वाईट होता म्हणून आपण रडलो नाही हो. २००१ साली आला तेव्हा चांगलाच होता. पण नेटस्केप आडवा झाला, समोर कुणी उरलं नाही, आणि मायक्रोसॉफ्टने आयई-७ काढायला २००६ उजाडलं. तेही २००४ च्या शेवटी फायरफॉक्स आला आणि गिऱ्हाईक हलायला लागलं म्हणून. एकट्याचं राज्य आलं की काय होतं ते एकदा भोगलंय, तरी परत तेच मागताय.

"पण क्रोम कुठे झोपलाय? दर काही आठवड्यांनी अपडेट येतं." येतं ना! फेब्रुवारी २०२०, क्रोम ८०. कुकी म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखचिठ्ठी. तिच्यावर सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून येताना ती पाठवायची की नाही) लिहिलेलं नसेल तर लॅक्स धरणार, म्हणजे दुसऱ्या साइटवरून पोस्टने, फॉर्म पाठवायच्या पद्धतीने, आलं तर ती देणार नाही. आमच्याकडे एका क्लायंटचं फी भरायचं पोर्टल होतं. पोरगं बँकेच्या पानावर पैसे भरतं, पेमेंट गेटवे त्याला पोस्टने आमच्याकडे परत पाठवतो, आणि क्रोम आमची सेशन कुकी, लॉगिन लक्षात ठेवणारी, देतच नाही. समोर लॉगिनचं पान. पैसे कटले, पावती नाही. पोरगं काय करणार? परत भरतं.

आणि आमच्या टेबलावर हे काही केल्या घडेना. तीन दिवस! कारण कुकी दोन मिनिटांच्या आतली असेल तर क्रोम पोस्टला सूट द्यायचा, आणि तपासताना आम्ही लॉगिन करून लगेच पैसे भरायचो. कार्ड शोधत, ओटीपीची वाट बघत बसलेल्या बापाचीच कुकी शिळी व्हायची. एप्रिलमध्ये कोविडमुळे गूगलने बदल मागे घेतला, जुलैत परत आणला. बदल बरोबर होता, मान्य. पण तारीख कुणी ठरवली? एका कंपनीने. उद्या दुसरं इंजिनच नसेल तर "नाही" म्हणणार कोण?

आळशी_अस्वल:
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

तुमचं पोर्टल पडलं कारण कुकीवर सेमसाइट लिहिलं नव्हतं. क्रोमच्या कन्सोलमध्ये कित्येक महिने पिवळी ताकीद येत होती. वाचली नाही, आता मक्तेदारीच्या नावाने गळा काढताय.

आता माझं ऐका. रेजेक्समधलं, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातलं, लुकबिहाइंड: आधी काय आहे ते बघून जुळवणं. क्रोममध्ये २०१७ पासून. सफारीत? १६.४, मार्च २०२३. बरं, ते नसलं की तेवढं एक व्हॅलिडेशन गंडतं असंही नाही. फाईल पार्सच होत नाही, ब्राउझरला वाचताच येत नाही, अख्खी स्क्रिप्ट बाद, पान पांढरंफटक. मी लिहिलंही नव्हतं, कुठल्याशा पॅकेजच्या पोटात होतं. क्लायंटच्या ऑफिसात आयफोन एकच, तो मालकीणबाईंचा. "माझ्याकडे तर काहीच दिसत नाही." माझ्याकडे मॅक नाही. मेहुण्याचा मागून आणला, केबल लावली तेव्हा कुठे एरर दिसली. त्यांना म्हटलं, ब्राउझर अपडेट करा. तर सफारी एकटा अपडेट होतच नाही, अख्खं आयओएस करा. आणि फोन जुना, त्याला नवं आयओएसच नाही. म्हटलं क्रोम टाका. टाकला. तोही पांढरा! आयफोनवर त्याच्याही आत सफारीचंच इंजिन, वेबकिट.

स्पर्धेच्या आरत्या तुम्ही ओवाळा. माझे दोन दिवस गेले, ते बिल कुणाच्या नावाने फाडू?

हरवला_अर्धविराम:
दोघंही अर्धंच सांगताय. हॅज सिलेक्टर (पानाची सजावट लिहायच्या सीएसएसमधली, आत अमुक घटक असलेला घटक निवडायची सोय) सगळ्यात आधी कुणी दिला? सफारीने, मार्च २०२२. क्रोमला ऑगस्ट उजाडला, फायरफॉक्सला २०२३ चा डिसेंबर. तेव्हा "सफारी मागास" हे दर वेळी खरं नाही.

अस्वलराव, तुमच्या गोष्टीत सफारी हळू होता हे दुखणं नाहीच. मालकीणबाईंना त्या फोनवर दुसरं इंजिन घेताच येत नव्हतं, हे आहे. म्हणजे एकच इंजिन असलं की काय होतं याचा पुरावा तुम्हीच दिलात. युरोपने कायद्याचा दांडका उगारला तेव्हा कुठे २०२४ मध्ये, आयओएस १७.४ पासून, ॲपलने तिथे दार किलकिलं केलं. आपण अजून वेबकिटच्याच पंगतीत.

आळशी_अस्वल:
हं. हा मुद्दा आवडला नाही, पण खोडताही येत नाही.

नागपुरी_संत्रं:
आयई-६ ले उठसूट शिव्या देऊ नका बे. २००३ मध्ये मी सायबर कॅफेत बसून मराठी पेपर वाचत होतो, तो आयईमुळेच. डायनॅमिक फॉन्ट, म्हणजे ईओटी नावाची फॉन्टची फाईल पानासोबत आपोआप उतरे, काही इन्स्टॉल करा लागत नव्हतं. तुमचा फायरफॉक्स मात्र उघडला की नुसता गिचमिडा. तेव्हा मराठी माणसाच्या कामी कोण आलं?

सातारी_कंदी:
कामी आलं?? दिसायला मराठी, आत इंग्रजी अक्षरांचे कोड. प्रत्येक पेपरचा फॉन्ट वेगळा, कोडही वेगळा. कॉपी करा, कचरा. शोधा, सापडत नाही.

माझ्या आजोबांचा सह्याद्रीवरचा लेख २००३ मध्ये एका पेपरच्या साइटवर आला होता. आयुष्यात छापून आलेला तेवढा एकच. वडिलांनी पान सेव्ह करून सीडीवर जपून ठेवलं. मागच्या वर्षी आजोबा गेले, दहाव्याला वाचावा म्हणून फाईल उघडली. डोक्यावर टिंबं असलेली युरोपी अक्षरं, पानभर. फॉन्ट साइटवरून यायचा, आणि ती साइट कधीच बंद झाली. वडील स्क्रीनकडे बघत बसले होते. त्यांना ईओटीचं कौतुक तुम्ही येऊन सांगा.

नागपुरी_संत्रं:
आजोबांचं वाईट वाटलं, खरंच. पण तेव्हा पर्याय काय होता ते सांगा.

सातारी_कंदी:
युनिकोड! सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकच ठरलेले कोड. विंडोज २००० पासून त्याचा मंगल फॉन्ट होता.

नागपुरी_संत्रं:
होता ना. पण मराठी नीट दिसाले विंडोज एक्सपीत कंट्रोल पॅनल, रीजनल सेटिंग, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टवर टिचकी, मग म्हणे सीडी घाला. सीताबर्डीचा कॅफेवाला मले सीडी देणार होता? त्याची विंडोज कुठून आली ते त्यालेच ठाऊक. पुण्या-मुंबईत बसून शहाणपण शिकवणं सोपं आहे.

सातारी_कंदी:
मी साताऱ्याची आहे. नाव वाचायचे कष्ट घ्या.

कॅशे_साफ_करा:
मंडळी, थंड घ्या. आमच्या तालुक्याच्या एका ऑफिसात आजही विंडोज ७ आहे, क्रोम १०९ वर गोठलेला. त्यापुढचा क्रोम त्या मशिनींवर चढतच नाही. फायरफॉक्सने मात्र क्रोमने हात वर केल्यावरही ११५ ईएसआर या जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवर सुरक्षेचे अपडेट देणं चालू ठेवलं. आम्ही तोच टाकला. नव्या सीएसएसवर मी तिथे पाणी सोडलंय, साधे टेबल, साधे फॉर्म. कुणाची तक्रार नाही.

आळशी_अस्वल:
फायरफॉक्सचा पगार कुठून येतो तेही सांगा की. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बहुतेक कमाई गूगलला डिफॉल्ट सर्च ठेवण्यातून. ॲपललाही त्याच कामाचे २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर गेले, अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. ज्या तीन पहिलवानांची कुस्ती तुम्ही बघताय, त्यातल्या दोघांना खुराक तिसराच पुरवतोय.

तिसरी_पाळी:
हे खरं आहे आणि मला अजिबात आवडलेलं नाही. तरी २०१३ मध्ये ऑपेराने स्वतःचं इंजिन प्रेस्टो सोडलं, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एज ब्राउझरसाठी क्रोमियम घेणार म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा आपण टाळ्या पिटल्या, "चला, एक ब्राउझर कमी झाला." मीही पिटल्या. आता मोजायला बोटं तीनच उरलीत.

आणि हो, ती पिवळी ताकीद आम्हाला दिसली होती. "पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू" असं लिहून तिकीट बंद केलं होतं. मीच.

आळशी_अस्वल:
हे पहिल्या पोस्टमध्ये का नव्हतं?

तिसरी_पाळी:
लाज नावाची गोष्ट असते.

नागपुरी_संत्रं:
@सातारी_कंदी, ताई, त्या पानाच्या सोर्समध्ये फॉन्टचं नाव सापडते का बघा. चार-पाच पेपरांच्या फॉन्टमधून युनिकोडात नेणारे कन्व्हर्टर मी तेव्हा स्वतः लिहून ठेवले आहेत. व्यक्तिगत निरोपात फाईल पाठवा.

सातारी_कंदी:
पाठवली.

सातारी_कंदी:
आली! वाचता येतेय. वडिलांना फोन केलाय, ते चष्मा शोधताहेत. फक्त आजोबांच्या सगळ्या दऱ्यांचा दर्या झालाय. सह्याद्रीत "खोल दर्या" आणि "दर्याखोर्यांतून फिरताना".

नागपुरी_संत्रं:
तो ब्राउझरचा दोष नाही, माझाच. त्या फॉन्टात र ची ती आडवी खूण वेगळ्या कोडवर होती, मी विसरलोच. रात्री नवीन आवृत्ती पाठवतो.

आळशी_अस्वल:
अपडेटने आत्ता चाललेलं बंद पडणार नाही ना?

नागपुरी_संत्रं:
जुनी फाईल जपून ठेवा म्हणा.