न्यू जर्सीत सेक्शन ८ चा भाडेकरू घ्यावा का?

पक्या_एडिसन:
मंडळी जरा सल्ला हवाय. आमचा टू बेडरूम कॉन्डो आहे, आत्तापर्यंत ओळखीतलीच देसी फॅमिली असायची, ते आता स्वतःचं घर घेऊन गेले. झिलोवर ॲड टाकली तर एक बाई बघून गेल्या, दोन मुलं आहेत, बोलायला चांगल्या वाटल्या पण सेक्शन ८ चं व्हाउचर (कमी उत्पन्नवाल्यांना भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत) आहे म्हणाल्या. बायको म्हणते कशाला नसती कटकट, व्हाउचर घेत नाही सांगून मोकळा हो. भाडं नक्की देतं कोण यात? आणि इन्स्पेक्शनची काय भानगड आहे?

जर्सीकर:
वहिनींना सांगा तसं अजिबात बोलायचं नाही, ॲडमधे तर लिहायचंच नाही. न्यू जर्सीच्या भेदभावविरोधी कायद्यात २००२ पासून आहे की भाड्याचे पैसे कुठून येतात यावरून कोणाला नाकारता येत नाही. आणि पगार भाड्याच्या तिप्पट हवा ही जी आपली नेहमीची अट असते ती पूर्ण भाड्यावर नाही, फक्त त्यांच्या वाट्याच्या रकमेवर लावायची. हे बऱ्याच देसी घरमालकांना माहीतच नसतं.

मावशी_फ्रॉम_डोंबिवली:
आमच्याकडे आहेत असे भाडेकरू. पैसे केंद्राचे, हडचे म्हणजे त्यांच्या गृहनिर्माण खात्याचे, पण व्यवहार सगळा लोकल हाउसिंग ऑथॉरिटीशी. भाडेकरूने साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भरायचे, उरलेले ऑथॉरिटी थेट तुमच्या खात्यात टाकते. म्हणजे समजा भाडं २४०० आणि वजावटी जाऊन तिचं महिन्याचं उत्पन्न २००० धरलं तर ती साधारण ६०० देणार, बाकी १८०० तिकडून. पण आकडा तुमच्या मनाचा चालत नाही हां, आसपासच्या तशाच घरांची भाडी बघून ते मान्य करतात.
खरी गंमत इन्स्पेक्शनची. घर पास झाल्याशिवाय त्यांचे पैसे सुरू होत नाहीत म्हणून आधी चावी देऊन बसू नका. आमचं पहिल्यांदा फेल झालं ते सिंकजवळच्या साध्या प्लगवरून, तिथे जीएफसीआयच (शॉक बसू नये म्हणून आपोआप वीज तोडणारा प्लग) लागतो, शिवाय स्मोक अलार्म, जिन्याचा कठडा, खिडक्यांच्या कड्या सगळं बघतात. १९७८ च्या आधीची बिल्डिंग असेल आणि सहा वर्षांखालचं मूल असेल तर उडालेला रंग सुद्धा, शिशामुळे. पहिला चेक यायला वेळ लागला, नंतर एकदाही चुकला नाही.

टॉम_अँड_चेरी:
पैसे वेळेवर येतात ठीक आहे हो, पण घराची वाट लावली तर? माझ्या मित्राचं कार्पेट पार गेलं.

मावशी_फ्रॉम_डोंबिवली:
कार्पेटची वाट आयटीवाल्यांनी पण लावलीय आमच्या! माणूस कसाय ते ऑथॉरिटी बघून देत नाही, ते तुम्हीच बघायचं, आधीच्या घरमालकाला फोन करा. डिपॉझिट इतरांसारखंच घ्या, इथे दीड महिन्याच्या भाड्यापर्यंत घेता येतं.

पक्या_एडिसन:
थँक्यू मावशी. एक शेवटचं, त्यांनी भाडं कमी मान्य केलं तर वरचे शंभर दीडशे बाईंकडून कॅशमधे घेतले तर चालतात का?

जर्सीकर:
नाही!! तो फ्रॉड धरतात. ठरलेल्या भाड्यावर एक डॉलर पण नाही, तुम्ही तर अडकालच पण बाईंचं व्हाउचर पण जाऊ शकतं आणि त्यासाठी लोक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर असतात.