नळाच्या आट्यातून पाणी झिरपतंय, टेफ्लॉन तीनदा लावून झालं

हडपसरकर_७
मंडळी मदत करा, चार दिवस झाले डोकं उठलंय. किचनमधला भिंतीतला नळ बदलला रविवारी, साधाच अर्धा इंची. प्लंबर 'येतो येतो' म्हणून आलाच नाही मग म्हटलं आपणच बसवू, एवढं काय त्यात. टेफ्लॉन गुंडाळून घट्ट बसवला पण भिंतीला चिकटून तो स्टीलचा कप असतो ना त्याच्या खालून थेंब थेंब येतंय. रात्री ११ ला खाली वाटी ठेवली, सकाळी ६ ला भरून ओट्यावर ओघळ. सोमवारी काढून टेप वाढवली, मंगळवारी अजून वाढवली, तेव्हा नळाचं तोंड वाकडं थांबत होतं म्हणून जरासा मागे घेऊन सरळ केला. तरी तेच. काल तर एवढी टेप झाली की नळ दोन आट्यांच्या पुढे जाईना. बिल्डिंग ७ मजली, आम्ही पहिल्यावर, पाइप सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचा, भिंतीतला एल्बो (वळणाचा जोड) पितळी आट्याचा. भिंत फोडावी लागेल का? बायकोने फरशीचा हिशोब पण काढलाय. टेप सोडून सुतळी-सफेदा (तागाचे धागे आणि पांढरी पेस्ट) करू का?

पाना_पकड
तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमधे आहे: 'जरासा मागे घेऊन सरळ केला'. टेफ्लॉन म्हणजे चिकटपट्टी नाही हो, त्याला गोंद नसतो, ते आट्यांमधल्या फटीत दाबून बसतं म्हणून पाणी अडतं. पुढे आवळताना ते दाबलं जातं, मागे घेतलंत की तीच फट परत उघडली आणि टेप काही स्वतःहून फुगून ती भरत नाही. तोंड सरळ यायला अर्धा फेरा कमी पडत असेल तर पुढेच न्यायचा, हाताला खूपच जड लागलं तर पूर्ण काढून, जुनी टेप नखाने, नाहीतर जुन्या टूथब्रशने साफ करून, दोन-तीन वेढे कमी-जास्त करून नव्याने. जुन्यावर नवी टेप कधीच नाही.

दुसरं, टेप कुठल्या बाजूने गुंडाळली? आट्याचं तोंड आपल्याकडे करायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वेढे द्यायचे, टेप ताणून, इतकी की आट्यांचा आकार वरून दिसला पाहिजे. उलटी गुंडाळली की नळ फिरवताना ती सुटते आणि कपाजवळ पांढरा चुरगळा होऊन बसते. तसं झालं होतं का बघा आठवून.

हडपसरकर_७
अरे देवा. पांढरा चुरगळा दरवेळी होत होता, मला वाटलं जास्तीची टेप बाहेर आली म्हणजे चांगलं भरलं 🤦

चाळीतला_पक्या
मी तर म्हणतो सुतळीच. आमच्या जुन्या खोलीत वडिलांनी जीआय पाइपला ताग आणि सफेदा लावून नळ बसवला होता, पुढे खोली विकली तोपर्यंत टिपूस नाही. ताग पाण्याने फुगतो, थोडं मागेपुढे झालं तरी सांभाळून घेतो. टेपमधे ती गंमत नाही.

कोल्हापूरचा_मिस्त्री
पक्याभाऊ तुमचं खरं हाय पण ते लोखंडी पाइपला. यांच्याकडं सीपीव्हीसी हाय, प्लास्टिकच्या एल्बोत पितळेची आट्याची बांगडी बसवलेली असती. त्यात सुतळी जाड भरून पान्याला लोंबकळलं की एकतर प्लास्टिक तडकतंय नाहीतर ती बांगडीच आत फिरती, आणि एकदा का ती फिरली की मग खरंच भिंत फोडायची. वहिनींचा फरशीचा हिशोब मग कामाला येईल. सुतळी लावायचीच तर केसाएवढे चार-पाच धागे, झाडूएवढा बुचका नव्हं.

आन नळाचे आटे बघा, हल्ली लई गुळगुळीत येत्यात, टेप लावून फिरवली की सरकून मागं गोळा हुती. हॅक्सॉ ब्लेडच्या दातानं आट्यांच्या डोक्यावर हलकं खरवडून घ्या, चकाकी गेली पाहिजे बास, मग टेप धरून ऱ्हाती. पहिला आटा मोकळा सोडा नाहीतर टेपचे तुकडे आत जाऊन नळाच्या जाळीत अडकत्यात. साधी पातळ टेप असली तर १२-१५ वेढे. हातानं तीन-चार फेरे सहज जायला पाहिजेत, तिथून पुढं पाना, एक-दीड फेरा. पान्याखाली फडकं धरा, पॉलिश जातंय.

पाना_पकड
+१. आणि पहिला मजला म्हणताय, टाकी गच्चीवर असेल तर दर १० मीटरला साधारण १ किलो प्रेशर, म्हणजे तुमच्याकडे २ किलोच्या आसपास येत असणार. सातव्या मजल्यावर हाच जॉइंट कदाचित इतका गळलाही नसता.

नाशिककर_मावशी
मधेच बोलते, आधी गळतंय कुठून ते नीट बघा. आमच्याकडे सगळे आट्यालाच धरून बसले होते आणि पाणी येत होतं नळाच्या मुठीखालून, ओघळ मागे जाऊन कपातून टपकायचा. टिश्यू पेपरने सगळं कोरडं पुसायचं, कप मागे सरकवायचा आणि नव्या टिश्यूचं टोक एकेका जागी लावून बघायचं, पहिलं कुठे ओलं होतं ते. सिंकखालच्या जाळीच्या कनेक्शन पाइपला टेप लावू नका हं, तिथे आत रबरी वायसर असतो, तोच पाणी अडवतो, टेपमुळे उलट नट पूर्ण बसत नाही.

चाळीतला_पक्या
बरं ते बाहेरून एमसील थापणं? आमच्याकडे शेजारी तेच करतात

कोल्हापूरचा_मिस्त्री
आतनं पाणी ढकलतंय, ओल्या जागंवर बाहेरनं थापून काय उपयोग. आन पुढच्या वेळी नळ काढताना मिस्त्री शिव्या घालतोय ते वेगळंच.

हडपसरकर_७
अपडेट. मावशींची टिश्यूची युक्ती केली, आट्यातूनच होतं. गच्चीवरचा कॉक बंद करून नळ काढला तर आत टेपची अक्षरशः दोरी झालेली, निम्मी एल्बोत राहिली होती ती टूथपिकने ओढून काढली. बांगडी फिरलेली नाही, टॉर्च मारून बघितलं. ब्लेडने आटे खरवडले, काट्याच्या दिशेने १४ वेढे, हाताने साडेतीन फेरे गेला मग पान्याने. तोंड पाव फेरा अलीकडे थांबलं, मागे घ्यायला हात शिवशिवत होता पण पुढेच नेला, कुर्र झालं तेव्हा पोटात गोळा आला, पण आला सरळ.

रात्री ११ ला वाटी ठेवली होती, सकाळी कोरडी. कप अजून भिंतीपासून मागेच ठेवलाय, दोन दिवस टिश्यू लावून बघणार मगच सरकवणार. आज सकाळी प्लंबरचा फोन आला, 'निघालोच आहे'.